मदत हवी आहे: किडनीचा आजार असलेल्या मांजरीचा अमोनिया वाढलाय

मनी, वय 13, वजन 3.2 किलो. दोन वर्षांपासून किडनीचा आजार, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारा आकडा) 3.8 म्हणजे जास्त, पोटॅशियम 3.1 म्हणजे कमी. चार दिवसांपासून लाळ गळते, भिंतीला डोकं टेकवून तशीच उभी राहते. बघवत नाही. अमोनिया नॉर्मलच्या दुप्पट आला, पण लिव्हर कसं चालतं ते सांगणारं बाइल अ‍ॅसिड नॉर्मल. रक्त मात्र बर्फाशिवाय लॅबला गेलं, तासभर गेला; तेवढ्यात आकडा खोटा वाढू शकतो. सलाइन रोज चालू आहे. अमोनिया उतरवायच्या औषधाने, लॅक्टुलोजने, जुलाब झाले, डॉक्टरांनी थांबवलं. किडनीचं खाणं तोंडाला लावत नाही, उकडलेलं चिकनच खाते. पोटॅशियम कमी पडलं की किडनी जास्त अमोनिया तयार करते, म्हणून आजपासून त्याचं औषध सुरू.

पुण्यात रक्त काढल्याबरोबर तिथल्या तिथे अमोनिया तपासून देणारं कुणी माहीत आहे का? आणि पोटॅशियम सुधारल्यावर कुणाच्या मांजरीचा अमोनिया उतरला का, किती दिवसांत?