शिबिराची फी कशाला?
शहरात मुलांना निसर्ग दाखवायचा तर शिबिराची फी भरावीच लागते, असं बरेच पालक म्हणतात. मला नाही पटलं. आम्ही पुण्यात, वेताळ टेकडीच्या पायथ्याशी राहतो. गणपती उरकले की लेकीला घेऊन तेरडा शोधत फिरतो. पिकून टपोऱ्या झालेल्या बोंडाला नुसतं बोट लागलं तरी ते फटकन फुटतं, साल सुरळीसारखी आत वळते आणि बिया लांब उडतात. पहिल्यांदा ती दचकलीच. मग तासभर जागची हलेना. 'झाड बिया एवढ्या लांब का फेकतं?' हा प्रश्न तिचाच. (नव्या चपला चिखलात गेल्या, ते सोडा.) सोबत जाल तर फोन खिशात ठेवा, 'हात लावू नकोस'चा जप करू नका. अंगाला लागली की खाज सुटते ती खाजकुयलीची वेल तेवढी आधी ओळखायला शिकवा!