श्रीदत्तकृपा सोसायटी (फक्त कामाचे मेसेज): काकड्याला शेजारती

[सकाळी ६:०९] मीनल कुलकर्णी, ए-३०३: आज तिसरा दिवस. काकड्याच्या वेळेला देवळातून शेजारती लागते आहे. देवाला उठवताय की झोपवताय? सासूबाई पूजा अर्धी ठेवून मला विचारतायत, आज काय ग्रहण-बिहण आहे का म्हणून. कोणी लक्ष घालणार आहे का?

[६:२०] प्रधान, सेक्रेटरी: सुप्रभात 🙏 मीनलताई, तक्रारीची नोंद घेतली आहे. देवळातला एमपी३ प्लेअर जुना झालाय, त्याने आता राम म्हटला आहे. नवीन घ्यायचा विषय रविवारच्या मीटिंगमध्ये ठेवतो.

[६:२३] शिंदे काका, बी-१०२: मागच्या वर्षी काकड्याला ॲम्प्लिफायरची वायर मी स्वखर्चाने आणली. रु. १,८५०. बिल दोनदा दिले आहे. नवी खरेदी करण्याआधी जुने भागवावे ही विनंती.

[६:३१] सावंत, डी-१०१: गाणं कोणतं हा मुद्दाच नाही. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर लावायचा नाही हा नियम आहे. आज ५:५६ ला सुरू झालं. माझ्याकडे वेळेसकट रेकॉर्डिंग आहे.

[६:३४] दामले काका, सी-२०१: सावंतसाहेब, बटण मी दाबतो. देवळातल्या घड्याळात सहा वाजले होते.

[६:३५] सावंत, डी-१०१: देवळातलं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे हे जनरेटरच्या भानगडीपासून सांगतोय.

[६:३६] प्रधान, सेक्रेटरी: जनरेटरचा विषय इथे नको. कृपया.

[६:४४] ओंकार, ए-४०१: काका, फोनवरून ब्लूटूथने लावा ना. प्लेअर कोण वापरतं आता? आयपॉडसुद्धा २०२२ मध्ये बंद झाला.

[६:४७] दामले काका, सी-२०१: गणपतीत फोनवरून लावून पाहिलं होतं बाळा. आरतीच्या मधोमध बनियनची जाहिरात लागली. मग कुणाचा तरी फोन आला, त्याची रिंग स्पीकरवर.

[६:४८] मीनल कुलकर्णी, ए-३०३: ती रिंग शिंदे काकांची होती 😄

[६:५०] शिंदे काका, बी-१०२: रिंगचा विषय काढू नये. वायरचे रु. १,८५० अजून मिळालेले नाहीत.

[७:०५] ओंकार, ए-४०१: बरं, मला कॉलेज दहाला आहे. प्लेअर देवळातून आणतो आणि बघतो. बहुतेक फॉरमॅट केला की सरळ होईल.

[७:०६] प्रधान, सेक्रेटरी: शाब्बास ओंकार. तरुण मंडळींनी असंच पुढे यावं.

[८:४१] ओंकार, ए-४०१: झालं. फॉरमॅट मारला, आता एकदम फ्रेश आहे. आरत्या नेटवरून उतरवून टाकतो. यादी द्या.

[८:४३] नाईक वहिनी, बी-३०४: फॉरमॅट म्हणजे? आतलं सगळं गेलं?

[८:४४] नाईक वहिनी, बी-३०४: अरे त्यात आमच्या आईंच्या भूपाळ्या होत्या. २०११ च्या काकड्याला देवळात म्हटलेल्या. दामले काकांनी फोनवर रेकॉर्ड केल्या होत्या. आमच्याकडे दुसरी कॉपी नाही.

[८:४७] दामले काका, सी-२०१: तो फोन मी केव्हाच मोडीत काढला. म्हणून तर प्लेअरमध्ये टाकून ठेवल्या होत्या. ओंकार, एकदा विचारायचं होतंस रे.

[८:४८] ओंकार, ए-४०१: हा मेसेज डिलीट केला गेला आहे

[८:४९] ओंकार, ए-४०१: काकू, मला खरंच माहीत नव्हतं. सॉरी.

[८:५०] अनघा देशपांडे, सी-४०२: ओंकार, केबल काढ. आत्ताच्या आत्ता. त्यात एकही फाइल टाकू नकोस आणि प्लेअर चालू करू नकोस. वहिनी, धीर धरा. बहुतेक सगळं आत आहे अजून.

[८:५१] ओंकार, ए-४०१: काढली. अजून काही टाकलं नाहीये.

[८:५२] अनघा देशपांडे, सी-४०२: देव पावला. फॉरमॅट क्विक केलास की पूर्ण?

[८:५२] ओंकार, ए-४०१: क्विक. दोन सेकंदांत झाला.

[९:०४] अनघा देशपांडे, सी-४०२: मग ऐका सगळे. माझं रोजचं काम आवाजाचंच आहे, म्हणून सविस्तर लिहिते. या प्लेअरच्या पोटात फ्लॅश मेमरी असते. फिरणारं, हलणारं असं काहीच नाही. लहान लहान कप्प्यांत विजेचा भार कोंडून ठेवलेला असतो आणि सेल उतरला तरी तो तिथेच राहतो. त्या मेमरीच्या सुरुवातीला एक यादी असते, कोणती फाइल कुठल्या कप्प्यापासून सुरू होते त्याची. क्विक फॉरमॅटने फक्त ती यादी कोरी होते. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली, पण पानं जागच्या जागी आहेत असं समजा. नवीन काही टाकलं तर मात्र ते त्या पानांवर लिहिलं जाईल, आणि मग गेलं ते गेलं. म्हणून हात लावू नका म्हणाले.

[९:०६] नाईक वहिनी, बी-३०४: अनघा, तुझ्या तोंडात साखर पडो.

[९:१०] मीनल कुलकर्णी, ए-३०३: पण मग शेजारती सकाळी का लागत होती? ते राहिलंच.

[९:१८] अनघा देशपांडे, सी-४०२: तेही याच यादीमुळे. कॉम्प्युटरवर फायली नावाने लावून दिसतात कारण कॉम्प्युटर त्या आपल्यासाठी लावतो. हा साधा प्लेअर असलं काही करत नाही. यादी वरून खाली वाचतो आणि त्याच क्रमाने वाजवतो. यादीत जो आधी लिहिला गेला तो आधी. म्हणजे नावापुढे ०१, ०२ लिहिलं तरी या प्लेअरला त्याचं काही नाही. कोजागिरीला कोणी नव्या आरत्या टाकल्या होत्या का?

[९:२५] प्रधान, सेक्रेटरी: मी टाकल्या. जुन्या काढून सगळ्या एकत्र परत टाकल्या. क्रम बरोबर होता, मी स्क्रीनवर स्वतः पाहिला होता.

[९:२९] अनघा देशपांडे, सी-४०२: काका, स्क्रीनवर तुम्हाला बरोबरच दिसला असणार. सगळ्या निवडून ओढताना माउस शेजारतीवर होता का? विंडोजमध्ये बहुधा जी फाइल पकडून ओढतो ती पहिली जाते.

[९:३१] प्रधान, सेक्रेटरी: असू शकेल. शेवटची होती, तीच धरून ओढली. पण काकांनी रेकॉर्ड केलेल्या फायली मी तशाच ठेवल्या होत्या, हे नमूद करतो.

[९:३२] सावंत, डी-१०१: म्हणजे तीन दिवस प्लेअर खराब, प्लेअर खराब करून नवीन घ्यायला निघालो होतो.

[९:३३] शिंदे काका, बी-१०२: नवीन घेणार नसाल तर पैसे शिल्लक आहेत. वायर रु. १,८५०.

[दुपारी १२:५८] कौस्तुभ, डी-३०२ (सध्या जर्मनी): इथे आत्ता सकाळ झाली, सगळं वाचलं. मी एर्लांगेनला राहतो. एमपी३ (गाणं लहान करून साठवायचं तंत्र) ज्या फ्राउनहोफर संस्थेत तयार झालं ती याच गावात. कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं ऐकून ऐकून ते बसवलं. १९९५ च्या जुलैत त्यांनी फाइलच्या नावामागे ‘.एमपी३’ लावायचं ठरवलं. तेच अक्षर आपल्या देवळात वाजतंय, वाचून फार बरं वाटलं.

[१:०२] शिंदे काका, बी-१०२: कौस्तुभ, तुमच्या फ्लॅटचा दोन महिन्यांचा मेंटेनन्स बाकी आहे.

[१:०५] कौस्तुभ, डी-३०२ (सध्या जर्मनी): काका, ट्रान्सफर झाला आहे. पावती आली नाही, ते प्रधान काकांना विचारा.

[१:०६] प्रधान, सेक्रेटरी: पावतीपुस्तक संपले आहे. मेंटेनन्सचे वैयक्तिक मेसेज करावेत.

[१:१५] मीनल कुलकर्णी, ए-३०३: कौस्तुभ, ऐकून ऐकून बसवलं म्हणजे काय? गाणं काय ऐकून लहान होतं?

[१:३२] अनघा देशपांडे, सी-४०२: मी सांगते, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. सीडीवर आवाजाचं माप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतात, डाव्या आणि उजव्या बाजूचं वेगळं, प्रत्येक माप १६ बिटचं. चार मिनिटांचं गाणं ४२ एमबीच्या आसपास जातं. एमपी३ काय करतं, तर माणसाच्या कानाला जे ऐकूच येणार नाही ते टाकून देतं किंवा ढोबळ करून ठेवतं. मिक्सर चालू असताना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते का? नाही ना. मग त्या सेकंदाला ती टिकटिक साठवायचीच कशाला? असं करत १२८ केबीपीएसला (म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिट) तेच गाणं ४ एमबीच्या आत बसतं. माझ्या पहिल्या प्लेअरची मेमरी १२८ एमबी होती. सीडीच्या दर्जाची तीन गाणी बसली असती, एमपी३ ची तीस-बत्तीस बसायची.

[१:३६] कौस्तुभ, डी-३०२ (सध्या जर्मनी): १९९८ साली पहिले प्लेअर बाजारात आले तेव्हा ३२ एमबीच होती. कोरियाचा एमपीमॅन आणि अमेरिकेतला रिओ. आठ-नऊ गाण्यांत मेमरी संपायची. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये आयपॉड आला तो ५ जीबीची छोटी हार्ड डिस्क घेऊन, म्हणून १,००० गाण्यांची जाहिरात करता आली.

[१:४१] दामले काका, सी-२०१: आणि टाळ-झांजा? मला नेटवरून घेतलेल्या आरत्यांत झांजा पाण्यातून आल्यासारख्या वाटतात. हिला सांगितलं तर म्हणते तुमचे कान गेले.

[१:४४] अनघा देशपांडे, सी-४०२: कान अगदी शाबूत आहेत काका. ६४ केबीपीएसची फाइल असेल तर आधी झांजाच बिघडतात. त्यांच्या आवाजात सगळ्या पट्ट्या एकदम असतात, टाकून द्यावं असं फारसं काही सापडत नाही, आणि बिट तर मोजकेच. मग ते खळखळ वाजतं. आरत्या परत घेताना निदान १९२ च्या घेऊ.

[१:४९] सावंत, डी-१०१: त्यापेक्षा आवाज निम्मा करा, झांजा आपोआप सुधारतील.

[१:५०] मीनल कुलकर्णी, ए-३०३: सावंत भाऊजी, तुमच्याकडच्या हळदीला डीजे होता तेव्हा आम्ही काही बोललो होतो का?

[१:५१] प्रधान, सेक्रेटरी: विषयाला धरून बोलावे 🙏

[१:५२] शिंदे काका, बी-१०२: विषयाला धरूनच बोलतो. वायर.

[संध्या. ५:४०] ओंकार, ए-४०१: अनघाताईंकडे आहे. फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर लावलंय. ते यादी बघतच नाही. कप्पे एकेक वाचत जातं आणि एमपी३ ची सुरुवात ओळखून फाइल उचलतं. सगळं लॅपटॉपवर जातंय, प्लेअरवर काहीच लिहीत नाही.

[६:२२] ओंकार, ए-४०१: २१४ फायली आल्या!!! पण नावं गेली. सगळ्यांची नावं एफ आणि पुढे सात आकडे, अशी.

[६:२५] अनघा देशपांडे, सी-४०२: नावं त्या फाडलेल्या यादीत होती, ती नाही मिळायची. पण विकत घेतलेल्या आरत्यांच्या फाइलच्या आत टॅग असतो, त्यात गाण्याचं नाव आहे. त्या लागल्या. दामले काकांच्या रेकॉर्डिंगना टॅग नाही, अशा १७ उरल्यात. त्या एकेक ऐकाव्या लागतील. कोणी येतंय का?

[६:२६] नाईक वहिनी, बी-३०४: मी आलेच. कुकर लावून येते.

[६:२७] मीनल कुलकर्णी, ए-३०३: सासूबाईंना घेऊन येते. २०११ ला त्याही देवळात होत्या.

[७:१०] दामले काका, सी-२०१: सापडली का?

[७:१४] ओंकार, ए-४०१: अजून नाही. सहा झाल्या. एकात नुसता पंखा आहे, एकात कोणीतरी मेंटेनन्सवर भांडतंय.

[७:१५] प्रधान, सेक्रेटरी: ती फाइल डिलीट करावी.

[७:१६] सावंत, डी-१०१: ती ग्रुपवर टाकावी.

[७:३८] नाईक वहिनी, बी-३०४: सापडली. ३८ मिनिटांची आहे. पूर्ण आहे. आई मध्येच थांबतात, खोकतात, आणि म्हणतात, “पाणी द्या गं कुणीतरी.” मग भांड्याचा आवाज येतो आणि पुढचं कडवं.

[७:४०] मीनल कुलकर्णी, ए-३०३: सासूबाई म्हणतायत, ते पाणी मी दिलं होतं. तांब्या नव्हता, फुलपात्रातून दिलं. इथे बसून रडतायत.

[७:५५] अनघा देशपांडे, सी-४०२: मूळ फाइलला हात लावलेला नाही. तिची कॉपी नाईकांच्या कॉम्प्युटरवर, माझ्या हार्ड डिस्कवर आणि एका पेन ड्राइव्हवर ठेवली आहे, पेन ड्राइव्ह दामले काकांकडे राहील. आता ओंकार प्लेअरमध्ये एकेक फाइल क्रमाने टाकतोय. आधी भूपाळी, ती पूर्ण गेली की मग काकडआरती. शेजारती अगदी शेवटी. सगळ्या एकदम ओढायच्या नाहीत, हे लक्षात ठेवा. आणि प्लेअरचा आवाज पाऊणवर ठेवून बाकीचा ॲम्प्लिफायरवर वाढवायचा. पूर्ण केला की पिनेतून जाताना फाटतो.

[७:५८] प्रधान, सेक्रेटरी: ओंकार आणि अनघाताई यांचे सोसायटीतर्फे आभार. नवीन प्लेअरचा विषय अजेंड्यावरून काढत आहे. शिंदे काका, बिलाचा फोटो टाका.

[७:५९] शिंदे काका, बी-१०२: तिसऱ्यांदा टाकत आहे.

[८:०३] नाईक वहिनी, बी-३०४: दामले काका, उद्या पहिली आईंची लावाल का?

[८:०४] दामले काका, सी-२०१: तीच लावणार. ६:०५ ला. देवळातलं घड्याळ आत्ता बरोबर करून आलो, सावंतसाहेब.