घरात पीजी मुली आहेत : रात्रीचं दार, पाणी आणि लाइट बिल यावर अनुभवी लोकांचा सल्ला हवा आहे

नमस्कार. पुण्यात कर्वेनगरात आमचं स्वतःचं दोन मजली घर आहे. खाली मी आणि सासूबाई राहतो, त्यांचं वय ८४. मिस्टर चार वर्षांपूर्वी गेले, मुलगा बंगळूरला असतो. वरच्या दोन खोल्या नुसत्या धूळ खात होत्या, म्हणून दीड वर्षापासून तीन मुली पेइंग गेस्ट म्हणून ठेवल्या आहेत. एक लातूरची, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. एक कोल्हापूरची, सीएची आर्टिकलशिप करते, ऑफिस डेक्कनला. तिसरी जळगावची, हिंजवडीत आयटीत आहे. माणशी महिना साडेसहा हजार, लाइट-पाणी त्यातच. जेवण मी देत नाही. दोघींना डबा येतो, वर छोटा ओटा आणि इंडक्शनची शेगडी आहे.

मुली चांगल्या आहेत हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणी "सरळ काढून टाका" म्हणेल. मागच्या श्रावणात सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या तेव्हा रात्री दीड वाजता कोल्हापूरची मुलगीच धावत जाऊन रिक्षा घेऊन आली आणि सकाळपर्यंत दवाखान्यात माझ्याजवळ बसली. हे मी विसरणार नाही. प्रश्न रोजच्या बारीकसारीक गोष्टींचा आहे, आणि त्या साचत साचत आता माझी झोप आणि रक्तदाब दोन्ही बिघडवत आहेत.

सगळ्यात मोठा त्रास रात्रीच्या दाराचा. आमचा जिना घराच्या आतून आहे. म्हणजे वर जायचं तर पुढच्या खोलीतूनच जावं लागतं, आणि त्याच खोलीत सासूबाईंची कॉट आहे, कारण त्यांना बाथरूम तिथून जवळ पडतं. जळगावच्या मुलीची दुपारची शिफ्ट असते. कंपनीची गाडी तिला सव्वाबाराच्या सुमारास सोडते, कधी साडेबारा. आधी गाडीचा हॉर्न, मग लोखंडी फाटकाची कडी खणकन वाजते, मग लॅचची किल्ली, मग दिवा. सासूबाई दचकून उठतात, "कोण आलं?" विचारतात. ती बिचारी "मीच आहे आजी" म्हणून हळूच वर जाते. पण त्यांची झोप एकदा मोडली की पहाटे चारपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. मग त्या मला हाका मारतात, पाणी मागतात, पाय चेपून मागतात. आठवड्यातून पाच दिवस हे असं.

माझं तर त्याआधीच सुरू झालेलं असतं. साडेअकरानंतर ती येईपर्यंत मला झोप येत नाही. ती म्हणते, "काकू, तुम्ही नका ना जागू, माझ्याकडे किल्ली आहे." पण परक्याची मुलगी आपल्या भरवशावर राहते आहे, ती घरी पोचली की नाही हे कळल्याशिवाय मी कशी झोपू? आणि किल्ली ती आतापर्यंत दोनदा ऑफिसात विसरली, एकदा हरवली. हरवली तेव्हा मी पूर्ण लॅच बदलून घेतलं आणि पाच नव्या किल्ल्या करून आणल्या. त्याचे पैसे तिने न मागता दिले, ते वेगळं.

दुसरं पाणी. आमच्या गल्लीत महापालिकेचं पाणी सकाळी येतं, ते खालच्या टाकीत घ्यायचं आणि मोटर लावून वर चढवायचं. वरची टाकी हजार लिटरची, पाच माणसांना नीट वापरलं तर पुरते. पण गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असलं की "शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने" हे ठरलेलं. मी बुधवारी रात्री ग्रुपवर मेसेज टाकते, तिघी अंगठा दाखवतात, आणि गुरुवारी संध्याकाळी मशीनमध्ये चादरी धुवायला पडतात. गेल्या महिन्यात एकीने कोरडा नळ सुरू ठेवून दिला. शुक्रवारी पाणी चढवलं तेव्हा सगळ्या ऑफिस-कॉलेजात, आणि वरची अर्धी टाकी मोरीतून वाहून गेली. सासूबाईंचा त्या दिवशी फार संताप झाला. पाण्याच्या बाबतीत त्यांच्यापुढे कुणाला काही बोलता येत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा त्या नव्या लग्न होऊन शनिवार पेठेत आल्या होत्या. घरात छातीभर गाळपाणी, आणि खडकवासलाही फुटल्यामुळे नळ कोरडे. नंतर कितीतरी दिवस विहिरीवर रांगा लावल्या, ते त्या अजून सांगतात. त्या मुलींना "तुम्हाला पाण्याची किंमत नाही" असं जरा कडक बोलल्या, लातूरची रडली. लातूरला २०१६ साली रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा ती लहान होती, घागरी घेऊन उभी राहिलेली आहे. नळ उघडा ठेवणारी ती नव्हतीच. दोघींची समजूत घालताना माझाच दिवस गेला.

तिसरं लाइट बिल. आम्ही दोघी असताना महिन्याला १२०-१२५ युनिट व्हायचे. आता थंडीत ३४०. गीझर दोन हजार वॉटचा, म्हणजे अर्धा तास चालला की एक युनिट. तिघी वेगवेगळ्या वेळी अंघोळ करतात, प्रत्येक वेळी पाणी नव्याने तापतं, आणि बटण बंद करायचं राहून जातं ते निराळंच. महावितरणचे टप्पे आहेत : १०० पर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०० च्या वर त्याहून चढा. त्यामुळे युनिट तिप्पट झाले की बिल तिप्पट होत नाही, त्याच्या वर जातं.

बाकी किरकोळ : जाळीत अडकलेले केस, फ्रिजमध्ये नाव न लिहिलेले आणि बुरशी आलेले डबे, न सांगता मुक्कामाला आलेली मैत्रीण. आणि कचरा. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई रोज सकाळी येतात, त्यांना ओला-सुका वेगळा लागतो. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका करून द्यायचं एवढं सोपं आहे, तरी सुक्या कचऱ्यात तसंच टाकलेलं सापडतं. त्या ताईंना ते हाताने वेगळं करावं लागतं. या एका गोष्टीवर मी खरंच चिडले होते.

मी आजवर सगळं तोंडीच सांगत आले. "हो काकू, सॉरी काकू" म्हणतात, आठ दिवस नीट चालतं, मग पुन्हा पहिले पाढे. मुलगा म्हणतो जिन्यात नियमांची छापील यादी लाव आणि दंड ठेव. बाहेरून लोखंडी जिना कर असंही म्हणतो. मला दोन्ही पटत नाही. सासूबाईंच्या सासऱ्यांकडे गावाकडची मुलं वारावर जेवायला यायची, त्यातले एक आजोबा अजून दिवाळीला फोन करतात. मला या मुली घरातल्यासारख्या हव्यात, हॉस्टेल नको. पण घरातलं म्हटलं की मला स्पष्ट बोलता येत नाही, आणि नाही बोललं तर मनात राग धरला जातो. तो मला त्यांच्यावर धरायचा नाही.

तर विचारायचं असं : रात्री उशिरा येणारीसाठी तुम्ही काय व्यवस्था केली आहे? लाइट बिल वेगळं घेता की भाड्यातच? आणि मधेच, वर्षभर राहिलेल्या मुलींना नवे नियम कसे सांगितलेत की त्यांना परकं वाटलं नाही?

प्रतिसाद, कोथरूडहून

ताई, आमच्याकडे नऊ वर्षं मुली आहेत. पहिलं काम म्हणजे फाटकाच्या कडीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा आणि बिजागऱ्यांना तेल घाला. फार फरक पडतो. जिन्याखाली हालचालीवर लागणारा छोटा दिवा बसवा, मोठा दिवा लावायची गरजच राहणार नाही. हॉर्न न वाजवण्याबद्दल मुलीला चालकाशी आणि कंपनीच्या वाहतूक विभागाशी बोलायला सांगा. मात्र "गाडी कोपऱ्यावर थांबव" असं चुकूनही सांगू नका. रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या बाईला घराच्या दारापर्यंत सोडणं ही कंपनीची जबाबदारी आहे, २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यातच ते आहे.

किल्लीच्या ऐवजी आकडे दाबून उघडणारं कुलूप लावा. विसरणं-हरवणं बंद. मुलगी सोडून गेली की आकडा बदलायचा.

प्रतिसाद, बिबवेवाडीहून

लाइटसाठी वरच्या मजल्याला सबमीटर, म्हणजे फक्त तिथले युनिट मोजणारा वेगळा मीटर, बसवून घ्या, इलेक्ट्रिशियन अर्ध्या दिवसात करतो. आम्ही महिन्याला ठरावीक युनिट भाड्यात धरतो, त्यावरचे युनिट मुली आपसात वाटून देतात. आकडा त्यांनाच वाचून फोटो पाठवायला सांगितला आहे. तेव्हापासून गीझरचं बटण मला कधी बंद करावं लागलं नाही. एकापाठोपाठ एक अंघोळी करा म्हणजे तापलेलं पाणी वाया जात नाही, हेही त्यांना त्या मीटरवरूनच समजलं.

कुणी गॅस गीझर सुचवेल. बंद बाथरूममध्ये तो अजिबात लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आत अंघोळ करणारीला कळतही नाही. गच्ची मोकळी असेल तर सोलरचा विचार करा, महापालिका मालमत्ता करात सवलतही देते.

आणि करार नोंदवला आहे का? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे लेखी करार करून नोंदवणं घरमालकाकडे येतं. नोंदणी नसेल आणि उद्या वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल राहणारा सांगेल ते धरलं जातं. पोलिसांकडे ऑनलाइन माहितीही भरा. मैत्रीण मुक्कामाला येणार असेल तर आधी कळवायचं, हे मुलींना याच कारणाने सांगता येतं. त्यात संशय घेतल्यासारखं वाटत नाही.

प्रतिसाद, सध्या पीजीत राहणारी, सदाशिव पेठ

काकू, मी दुसऱ्या बाजूने सांगते. आम्हाला नियमांचा राग येत नाही. काकू आतून नाराज आहेत आणि बोलत नाहीत, हे कळलं की फार अवघडतं, घरात पाऊल वाजवायची भीती वाटते. एका रविवारी चहाला खाली बोलवा आणि आजींच्या झोपेचं जसं इथे लिहिलंत तसंच सांगा. त्या चारपर्यंत जाग्या असतात हे त्या मुलीला माहीतच नसेल. आणि ती घरी पोचली की फाटकातूनच तुम्हाला एक मेसेज टाकेल, तुम्ही आडव्या पडून वाट बघा. माझ्या आईसाठी मी रोज तेच करते.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सदाशिव पेठेतल्या बाळा, तुझं वाचून काल संध्याकाळीच तिघींना खाली बोलावलं, रविवारची वाट पाहिली नाही. पोहे केले. सासूबाईही बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, आवाज थोडा कापत होता पण सांगितलं. जळगावच्या मुलीला खरोखरच माहीत नव्हतं. ती म्हणाली, आजी "झोप आता" म्हणतात म्हणून मला वाटायचं त्या लगेच झोपतात. तिने कंपनीत तिथल्या तिथे हॉर्नबद्दल लिहिलं.

सबमीटरचं त्यांना लगेच पटलं. सीएवालीने स्वतःच हिशोब मांडला, महिन्याला १८० युनिट भाड्यात, वरचे तिघींचे. गुरुवारी वरच्या टाकीचा वॉल्व्ह लातूरची बंद करणार आणि पाणी आल्यावर तीच उघडणार. सासूबाईंनी ते काम तिलाच द्या म्हणून सांगितलं. लाल ठिपक्यासाठी पेन आणि कागदाचा गठ्ठा बाथरूमबाहेर ठेवला आहे. करार नोंदवलेला आहे, पण ११ महिन्यांनी नवा करायचा राहून गेला होता, ते या आठवड्यात करते.

राहिलं कुलूप. आमचं पुढचं दार जुनं लाकडी आहे, पावसाळ्यात फुगतं आणि खांद्याने ढकलल्याशिवाय लागत नाही. तो आवाजही रात्री होतोच. अशा दाराला आकड्यांचं कुलूप बसतं का, की आधी सुताराकडून दार रंधून घ्यावं लागेल? आणि त्यातले सेल संपले तर रात्री साडेबाराला ती मुलगी बाहेरच अडकेल का? कुणी लावलं असेल तर जरूर सांगा, जूनच्या आत करून घ्यायचं आहे.