बिनविरोध निवड आणि आपण : सोलापूरच्या डाव्या कार्यकर्त्यांचे अनुभव

ज्यांनी डाव्या पक्षाचे वा युनियनचे कार्ड कधी ना कधी खिशात बाळगले, त्यांना एकच विचारायचे आहे : नेतृत्व मतदानाविना बदलले, तेव्हा तुम्हाला काय वाटले? स्थानिक पक्ष, युनियन वा व्यक्ती यांची नावे न घेता, स्वतः पाहिलेले तेवढेच या धाग्यावर लिहावे. सुरुवात मी करतो.

आमच्या जिल्हा अधिवेशनाला मी शाखेचा प्रतिनिधी होतो. दोन दिवस यंत्रमागाच्या पाळ्या, किमान वेतन आणि चादरीच्या धंद्यातली मंदी यांवर लोक पोटतिडकीने बोलले. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मावळत्या सेक्रेटरींनी नव्या कमिटीची यादी वाचली. जागा जितक्या, तितकीच नावे. ‘कोणाला काही सुचवायचे आहे का?’ असे विचारून झाले आणि लगेच टाळ्या सुरू झाल्या. माझ्या शेजारी तीस वर्षे माग चालवलेले एक कॉम्रेड होते. त्यांचा हात गुडघ्यावरून थोडा वर आला, थांबला आणि शेवटी टाळ्यांनाच लागला. परतताना चार हुतात्मा चौकात चहाला थांबलो, तेव्हा मी विचारले की त्यांच्या मनात दुसरे कोणाचे नाव होते काय. ते म्हणाले, ‘नाव नव्हतं रे. हीच नावं का, एवढंच विचारायचं होतं.’ नियमाविरुद्ध काहीही झाले नव्हते, हे मी मुद्दाम नोंदवतो. यादीबाहेरचे नाव सुचवण्याचा हक्क आमच्या घटनेत आहे; मात्र तो बजावणारा गटबाज ठरतो, आणि हे कोणी सांगावे लागत नाही.

साखर पेठेतून

मी २००७ साली नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये लेस्टरला होतो आणि तेथील लेबर पक्षाचा सभासद झालो होतो. इराक युद्धामुळे माझ्यासारखे अनेक सभासद पक्षाचे नेते आणि पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्यावर नाराज होते, त्यामुळे ते पायउतार होणार म्हटल्यावर पक्षाच्या धोरणाचा हिशेब होईल अशी आशा वाटली होती. डाव्या गटाचे जॉन मॅक्डोनेल नेतेपदासाठी उभे राहू पाहत होते, पण उमेदवारीसाठी त्यांना पक्षाच्या ४५ खासदारांचा पाठिंबा हवा होता आणि मिळाला २९ जणांचा. ब्लेअर यांचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांच्यामागे ३१३ खासदार गेले, तेव्हा दुसऱ्या कोणाला ४५ मिळतील इतके खासदारच उरले नाहीत. सभासदांपर्यंत ती निवडणूक आलीच नाही. उपनेतेपदाला मात्र सहा उमेदवार होते आणि त्याची मतपत्रिका घरी आली. ओट्यावर ठेवून मी ती दोनदा उलटून पाहिली. २४ जूनला मँचेस्टरच्या अधिवेशनात ब्राऊन नेते म्हणून जाहीर झाले. मॅक्डोनेल मतदानातही हरलेच असते, याबद्दल मला शंका नाही. माझे दुःख वेगळे आहे : ब्राऊन यांना आठवडेच्या आठवडे गावोगावच्या सभासदांपुढे उभे राहून युद्धाबद्दल उत्तरे द्यावी लागली असती, आणि ती वेळ आलीच नाही. पुढच्या वर्षी मी वर्गणी भरली नाही.

विडी घरकुलातून

माझ्या आईचा अनुभव मी लिहिते आहे. ती विड्या वळते आणि तेलुगू वाचते. मराठी अक्षरे तिला लागत नाहीत. युनियनच्या सभेत तिला अनुमोदनासाठी उभे केले आणि हातात मराठीत लिहिलेली चिठ्ठी दिली. शेजारणीने कानात नाव सांगितले, ते आईने मोठ्याने म्हटले आणि निवड झाली. घरी येऊन सुपापुढे बसल्यावर तिने मला विचारले, ‘ते कोण गं?’ तिने कार्ड मात्र सोडलेले नाही, कारण घराचे कागद आणि पेन्शनचा अर्ज याच लोकांनी करून दिला. मोर्चाला ती आजही जाते. बैठकीला जात नाही.

निलम नगरातून

बिनविरोधला सरसकट दोष देऊ नये. आमची युनियन निवडणुकीनंतर फुटली, एकाच जिन्यावर दोन बोर्ड लागले आणि मालकाने वेतनवाढ दोन वर्षे लांबवली. २०१५ साली विशाखापट्टणमला मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या महाअधिवेशनात एस. रामचंद्रन पिल्लै यांनी माघार घेतली आणि सीताराम येचुरी एकमताने सरचिटणीस झाले, तेव्हा आम्हाला हायसे वाटले होते.

धागाकर्ता

आपले म्हणणे मला पटते, पण त्याच पक्षाचे दुसरे उदाहरणही आहे. एप्रिल २०२५ मध्ये मदुराईला आपल्या महाराष्ट्रातील डी. एल. कराड यांनी अधिकृत यादीबाहेरून केंद्रीय समितीची निवडणूक लढवली. त्यांना ३१ मते पडली आणि ते हरले. मतदान झाले, निकाल लागला, आणि पक्ष एकच राहिला.

आमच्या शाखेचे पुढचे अधिवेशन आता जवळ आले आहे. त्या कॉम्रेडना गुडघेदुखीमुळे जिना चढवत नाही, म्हणून त्यांनी आपला प्रश्न वहीच्या पानावर लिहून माझ्याकडे दिला आहे. यादी वाचण्याआधी तो वाचण्याची परवानगी मी लेखी मागितली आहे.