घोडी भरवायची नेमकी वेळ कोणती? गायीचा सकाळ-संध्याकाळ नियम चालतो का?

तापीकाठचा
रामराम मंडळी. शहाद्याजवळ राहतो. गोठ्यात एचएफ गाई आणि एक म्हैस आहे. यंदा सारंगखेड्याच्या बाजारातून मारवाडी घोडी आणली, सहा वर्षांची, याआधी एकदा व्यालेली. आता तिला भरवायचंय. गायींचं गणित अंगवळणी पडलंय: सकाळी माज दिसला की संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला की दुसऱ्या दिवशी सकाळी. घोडीला हेच लावू का? चांगला घोडा दोन तासांच्या अंतरावर आहे आणि मालक दर खेपेचे वेगळे पैसे घेतो, म्हणून दिवस नेमका हवा. आमच्याकडे गायींचं रेतन करणारे भाऊ म्हणतात, "हात घालून बघतो, सांगतो." बघू द्यावं का? आणखी एक, जानेवारी संपत आला तरी घोडीने माज दाखवलेला नाही. काही दोष असेल का?

फलटणचा शिलेदार
दादा, गायीचा नियम घोडीला लावला तर पैसे पाण्यात. घोडी पाच-सात दिवस माजावर राहते. आम्ही तिसऱ्या दिवसापासून दिवसाआड घोडा दाखवतो, लाथ मारायला लागली की थांबतो. एवढंच.

पशुवैद्य_अश्व
शिलेदारांचं बरोबर आहे, पण खेपेचे पैसे द्यायचे असतील तर कारण समजून घ्या, म्हणजे खेपा कमी करता येतील.

गायीचा माज १२ ते १८ तासांचा. स्त्रीबीज सुटतं ते माज संपल्यावर, १०-१४ तासांनी. म्हणजे माज सुरू झाल्यापासून साधारण २४ ते ३२ तासांनी. सुरुवात दिसली की पुढचं मोजता येतं, म्हणून तुमचा सकाळ-संध्याकाळ नियम जमतो.

घोडीचं उलट आहे. तिचं स्त्रीबीज माज संपायच्या २४ ते ४८ तास आधी सुटतं. माज चार दिवसांत संपेल की आठ, हे आधी कोण सांगणार? म्हणून सुरुवातीपासून तास मोजून काही हाती लागत नाही. दिवसाआड घोडा दाखवायची पद्धत यातूनच आली. घोड्याचे शुक्राणू घोडीच्या पोटात दोन दिवस तरी टिकतात, त्यामुळे मधला दिवस सुटला तरी चालतं.

खेपा वाचवायच्या तर सोनोग्राफी करा. गायीची पुटिका (अंडाशयातली बीज असलेली पाण्याची फुगी) १५-२० मिलिमीटरची झाली की फुटायच्या बेतात असते. घोडीची ४०-४५ पर्यंत वाढते, माजात रोज साधारण ३ मिलिमीटर. ती ३५च्या पुढे गेली आणि गर्भाशयाला माजातली सूज दिसली की एचसीजीचं (बीज सुटायला लावणाऱ्या संप्रेरकाचं) इंजेक्शन देतात. त्यानंतर बहुतेक वेळा ३६ ते ४८ तासांत घोडीचं बीज सुटतं. इंजेक्शननंतरच्या दिवशी घोडा दाखवला की एका खेपेत काम होऊ शकतं. तपासणीचा खर्च घोड्याच्या दोन खेपांपेक्षा कमीच पडेल.

आता भाऊंचं. त्यांना घोडीत हात घालू देऊ नका, कितीही चांगले असले तरी. घोडीचं गुदाशय गायीपेक्षा नाजूक असतं, फाटलं तर जीवावर बेततं. शिवाय ते जे शोधायला शिकलेत ते घोडीत तसं सापडत नाही. गायीच्या अंडाशयावर बीज कुठूनही सुटतं. घोडीच्या अंडाशयाची रचना आतली बाहेर झालेली असते, बीज एकाच खोलगट जागेतून बाहेर पडतं. त्यामुळे गायीत बोटांना वर आलेलं पिवळं शरीर (बीज सुटल्यावर त्या जागी तयार होणारी गाठ) जसं लागतं तसं घोडीत लागत नाही. घोड्यांचं काम केलेला डॉक्टरच बघा.

जानेवारीत माज नाही हा दोष असेलच असं नाही. गाय बारमाही माजावर येते, घोडी दिवस मोठे असताना. थंडीत तिची अंडाशयं झोपतात. आपल्याकडे दिवस-रात्रीचा फरक उत्तरेइतका नसल्याने काही घोड्या हिवाळ्यातही चालू राहतात, पण तुमची तशी नसेल. मार्चपर्यंत वाट बघा. घाई असती तर डिसेंबरपासून ठाणात दिवा लावून एकूण उजेड १६ तासांवर न्यायला हवा होता, त्याला दोनेक महिने लागतात.

आणि हिवाळा सरताना एक फसवा काळ येतो. घोडी दहा-पंधरा दिवस सलग माज दाखवते, पुटिका वाढतात आणि विरतात, बीज सुटतच नाही. त्या दिवसांत घोड्याला पैसे देऊ नका.

तापीकाठचा
डॉक्टरसाहेब, खूप आभार. पण माज ओळखायचा कसा? गाई एकमेकींवर चढतात, बळस टाकतात, लांबून कळतं. घोडी एकटीच आहे.

मुळशीची अश्वपालक
दादा, एकटी घोडी माज झाकूनच ठेवते. घोडा समोर आला की कळतं. मजबूत कठड्याच्या पलीकडे घोडा उभा करा, अधेमधे नाही, एक दिवसाआड. माजावर असेल तर शेपूट बाजूला धरते, मागचे पाय फाकवते, थोडं थोडं मुतते, योनी उघडझाप करते. नसेल तर कान मागे, किंचाळणं आणि लाथ. गावातला साधा तट्टू नर यासाठी पुरतो, भारी घोडा कशाला दमवायचा? फक्त तो कठडा ओलांडणार नाही हे बघा, नाहीतर शिंगरू कोणाचं यावर वाद.

घोडा निवडाल तेव्हा ग्लँडर्सचा (घोड्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगाचा) तपासणी अहवाल मागा. घोडं कितीही देखणं असो.

तापीकाठचा
मागेन, ताई. गायीला माजावर आणायला जे प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन देतात ते घरात आहे. घोडीला चालेल का?

पशुवैद्य_अश्व
आता नाही. ते काम करतं पिवळ्या शरीरावर, आणि तुमच्या घोडीत सध्या तेच नसणार. चक्र सुरू झाल्यावर, बीज सुटून पाच दिवस झाले की उपयोग होतो. पण मात्रा गायीपेक्षा कमी लागते, घोडीला घाम सुटतो, पोटात कळा येतात. डॉक्टरशिवाय नको. घरात कोणी गरोदर असेल किंवा दम्याचा त्रास असेल तर त्यांनी त्या बाटलीला हातही लावू नये.

एक महत्त्वाचं राहिलं. घोडीत दोन बीजं सुटण्याचं प्रमाण गायीपेक्षा बरंच जास्त. गायीला जुळी झाली तर ती निदान बहुतेकदा जगतात, नर-मादी जोडी असेल तर कालवड बहुतेक वांझ निघते एवढंच. घोडीत जुळ्यांचा शेवट बहुतेक वेळा गर्भपातात होतो, तोही उशिरा. म्हणून १४ ते १६व्या दिवशी सोनोग्राफी कराच. तेव्हा दोन गर्भ दिसले तर एक दाबून संपवता येतो, नंतर ते एका जागी चिकटून बसले की अवघड होतं. गायीसारखं "तिसऱ्या महिन्यात बघू" म्हणू नका.

फलटणचा शिलेदार
आमच्या घोडीला व्याल्यावर नवव्या दिवशी घोडा दाखवतात वाडीतली जुनी माणसं. ते बरोबर का?

पशुवैद्य_अश्व
व्याल्यावर ७ ते १० दिवसांत घोडी माजावर येते, ते खरंच आहे. घाईचं कारणही आहे: तिचा गाभणकाळ सुमारे ३४० दिवसांचा, वर्षाला एक शिंगरू हवं तर हातात २५ दिवस उरतात. गायीचे २८० धरले तर ८५ उरतात. पण वार अडकली होती किंवा बाळंतपण जड गेलं असेल तर तो माज सोडा, पुढचा धरा.

तापीकाठचा
म्हैस पण उन्हाळ्यात माज दाखवत नाही. तिलाही दिवा लावू का?

पशुवैद्य_अश्व
उलट बिघडवाल! म्हैस छोट्या दिवसांची. दिवस आखडले की ती चांगली फळते, उन्हाळ्यात मुका माज. तिला दुपारी पाणी मारा, सावली द्या आणि पहाटे व रात्री माज बघा. दिवा लावायचाच असेल तर पुढच्या डिसेंबरात, तोही फक्त घोडीच्या ठाणात.