ॲपलनं इंटेल सोडलं म्हणून सगळेच सोडणार?

नौपाडाकर
काल ऐरोलीच्या मित्रांनी ठोकून दिलं: ॲपलसारखे विंडोजवालेही दोन वर्षांत सगळे लॅपटॉप एआरएमवर, म्हणजे मोबाईलमध्ये असतात तसल्या चिपवर, नेणार, आता इंटेल घेणारा मूर्ख. मी गेल्याच महिन्यात इंटेल घेतलाय. तर मूर्खाचंही ऐका.

ॲपलचं मशीन घरचं, सिस्टिम घरची, चिपचं डिझाईनही घरचं. शिवाय सवय आहे. १९९४ ला पॉवरपीसी चिप, २००६ ला इंटेल, २०२० ला स्वतःची एआरएमवाली एम१. तरी 'दोन वर्षांत उरकतो' म्हणाले आणि नव्या चिपचा मॅक प्रो यायला जून २०२३ उजाडला. विंडोजच्या लॅपटॉपवाल्याकडे डब्यापलीकडे स्वतःचं काय असतं? तो कोणाला हुकूम सोडणार? २०१२ ला मायक्रोसॉफ्टनं एआरएमसाठी विंडोज आरटी काढून पाहिलं. जुने प्रोग्रॅम चालेनात, मशिनं पडून राहिली, ९० कोटी डॉलरचा फटका.

ऐरोली लोकल
२०१२ ची मढी कशाला उकरताय? २०२४ पासून स्नॅपड्रॅगन एक्स या एआरएम चिपचे लॅपटॉप आलेत, जुने प्रोग्रॅम त्यावर भाषांतर होऊन चालतात. माझा सकाळी चार्ज करून निघतो, चार्जर घरीच. ऑफिसात सगळे प्लगसाठी भांडत असतात, मी मजा बघतो.

सीएंची ताई
प्रोग्रॅम चालतात हो, जोडलेली उपकरणं चालवणारे ड्रायव्हर चालत नाहीत! ड्रायव्हर एआरएमचाच लागतो. २० तारीख, रात्री साडेदहा, क्लायंटचं जीएसटी रिटर्न, आणि नव्या लॅपटॉपला डिजिटल सहीचा यूएसबी टोकन दिसेचना. शेवटी शेजारच्यांच्या मुलाचा जुना लॅपटॉप मागून आणला. त्यावर गेम चालू होता, तो रडला.

ऐरोली लोकल
ही चूक टोकनवाल्याची, चिपची नाही.

सीएंची ताई
क्लायंटला हेच सांगू का? लेट फी तुम्ही भरा.

डीटीपी काका
कोणताही प्रोसेसर आणा, माझ्या फॉन्टचं काय? गोखले रोडला वीस वर्षं पत्रिका करतोय. सॉफ्टवेअरची किल्ली (डोंगल) मागच्या पॅरलल पोर्टात, जुन्या प्रिंटरच्या खाचेत बसते, मशीन विंडोज एक्सपीवर. बोटांना 'ळ' कुठे आहे ते डोळे मिटून कळतं.

ऐरोली लोकल
काका, देवनागरी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशिनांना कळणाऱ्या अक्षरांच्या संकेतात, १९९१ पासून आहे. तुमच्यासारख्यांनीच मराठीचं वाटोळं केलं. आमच्या मंडळाचा अहवाल तसल्याच, युनिकोड नसलेल्या फॉन्टात आला. त्यातला मजकूर व्हॉट्सॲपवर टाकला तर इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. वर्गणीदारांची यादी मी रात्रभर पुन्हा टाइप केली.

डीटीपी काका
तोंड सांभाळून. पानं मांडायच्या जुन्या पेजमेकरला युनिकोड कळत नाही, म्हणून इनडिझाईन शिकलो, साठीत. त्यात जोडाक्षरं नीट जुळवणारं 'वर्ल्ड रेडी' चालू करायला विसरलो आणि जोडाक्षरं फुटली. ५०० पत्रिकांवर नवऱ्याच्या आजोबांचा 'श्रीकृष्ण' तुकड्यातुकड्यांत. छपाईचे पैसे माझ्या खिशातून गेले. तुम्ही एक रात्र जागलात, मी तो महिना भाड्याला उशीर केला.

सीएंची ताई
काका, चूक प्रोसेसरची नाही बरं का. 😄

नौपाडाकर
अहो, धागा प्रोसेसरचा आहे!

कळवेकरीण
फॉन्ट हाच मुद्दा आहे. शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका सगळ्या तसल्या फॉन्टात. उघडतात, पण एक शब्द शोधता येत नाही. त्यापुढे इंटेल काय नि एआरएम काय.

ऐरोली लोकल
बरं, काकांची माफी. दोन वर्षंही मागे घेतो, पाच धरा. पण चार्जर मी घरीच ठेवणार.

नौपाडाकर
ठेवा. माझा तीन तासांत मान टाकतो, हे कबूल. तेवढंच कबूल.

डीटीपी काका
माफी मिळाली. आता कामाचं बोला. एक्सपीच्या मशीनचा पंखा घरघर करतोय. कोणाकडे पॅरलल पोर्टवाला जुना मदरबोर्ड पडलाय का? कंपनी कुठलीही चालेल. इंटेलच असला तर उत्तम.