लष्करी हद्दीत सिव्हिल पोलिसांचा अधिकार नेमका किती?

मुळाकाठ
कॅन्टोन्मेंटमध्ये आमची तिसरी पिढी राहतेय, कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या भावाला आतल्या रस्त्यावर एका गाडीने उडवलं, पाय मोडला, गाडीवाला थांबला नाही. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे ती आर्मीची हद्द आहे, आधी त्यांचं पत्र आणा, मग बघू. युनिटच्या गेटवर गेलो तर म्हणे हे सिव्हिल मॅटर आहे, पोलिसांकडे जा. असे चार दिवस गेले आणि तोवर गेटवरच्या कॅमेऱ्याचं फुटेज पुसलं गेलं.
माझं म्हणणं एवढंच की पोलिसांना तिथे पूर्ण अधिकार आहे आणि तो त्यांनी वापरलाच पाहिजे, कुणाच्या पत्राची वाट बघत बसायचं नाही. राज्यघटनेत पोलीस हा राज्याचा विषय आहे. केंद्राच्या यादीत कॅन्टोन्मेंट आहे खरं, पण त्यात हद्द ठरवणं, तिथलं स्थानिक प्रशासन, घरांचं नियमन एवढंच येतं, पोलीस हा शब्दच तिथे नाही. मग पत्र कसलं मागता?

निवृत्त_सुभेदार
भावाचं वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. कॅन्टोन्मेंटचा बाजार, शाळा, बंगले हा एक भाग, आणि तारेच्या कुंपणाआड दारूगोळा डेपो, सिग्नल सेंटर, गाड्यांचे शेड हा दुसरा. बाजारात पोलीस रोज फिरतात, त्यांना कोण विचारतंय. डेपोत मात्र कोण येतंय, किती वाजता, हातात काय आहे हे सीओला, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरला, माहीत असायलाच हवं, उद्या काही झालं तर जबाबदार तोच. मी २६ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच गेटवर. खाकी घालून आला म्हणून माणूस पोलीसच असेल असं धरून चालत नाही. ओळखपत्र बघणं, फोन करून खात्री करणं म्हणजे अडवणूक नाही हो.

मुळाकाठ
सुभेदार साहेब, ओळखपत्र जरूर बघा, पाच मिनिटं थांबवा. पण चार दिवस?

वकील_ताई
कायद्यात काय आहे ते सांगते. ठाण्याने तक्रार परत पाठवली तीच मुळात चूक. बीएनएसएस म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता नोंदवून घ्यायची, झिरो एफआयआर म्हणतात तीच, मग पुढे ज्याची हद्द त्याच्याकडे पाठवा. त्यात आर्मीचा संबंध कुठेच येत नाही.
दुसरं, मिलिटरी पोलीस म्हणजे आपले लाल टोपीवाले. त्यांचा अधिकार चालतो तो आर्मी ॲक्ट लागू असलेल्या माणसांवर. तुमच्या-माझ्यासारख्याला ते फार तर कुठलाही नागरिक पकडू शकतो तसं पकडतील, म्हणजे समोर गंभीर गुन्हा घडला तर, आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावंच लागतं. त्यामुळे कॅन्टोन्मेंटमधल्या सिव्हिलियनला खऱ्या अर्थाने पोलीस असतील तर ते राज्याचेच, त्यांनी हात वर केले की त्याला कुणी उरतच नाही.
आता आरोपी जवान असेल तर मात्र गुंता आहे. ड्युटीवर केलेल्या कामासाठी केंद्राच्या परवानगीशिवाय अटक नाही, आधीच्या सीआरपीसीत ते कलम ४५ होतं. आणि खटला साध्या कोर्टात चालवायचा की कोर्ट मार्शल, हे आधी लष्करी अधिकारी ठरवतो, आर्मी ॲक्ट कलम १२५. कोर्टाला पटलं नाही तर कलम १२६ खाली ते आरोपी मागू शकतं आणि वाद मिटलाच नाही तर केंद्र सरकार ठरवतं. सिव्हिलियनचा खून किंवा बलात्कार असेल तर कोर्ट मार्शल चालतच नाही, प्रत्यक्ष युद्धसेवा, परदेश किंवा सरहद्दीवरची चौकी सोडून.

कॅम्पातली
याला जुना इतिहास आहे, तोही आपल्याच भागातला. देहूच्या व्हेइकल डेपोतून सामान बाहेर काढल्याच्या प्रकरणात मेजर बारसे यांच्यावर पुण्यात साध्या कोर्टात खटला चालला आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आर्मी ॲक्ट आहे म्हणून साध्या कोर्टाचा अधिकार जात नाही. म्हणजे डेपोतली चोरीसुद्धा निव्वळ लष्कराचं घरचं प्रकरण नाही.
आणि नौदल अधिकारी नानावटी, खुनाच्या खटल्यातले. १९५९ मध्ये ते आधी नौदलाच्या प्रोव्होस्ट मार्शलकडे, म्हणजे नौदलाच्या पोलीसप्रमुखाकडे गेले आणि मग मुंबई पोलिसांसमोर हजर झाले. हायकोर्टाने जन्मठेप दिली, पण राज्यपालांनी शिक्षा थांबवून त्यांना नौदलाच्याच ताब्यात ठेवायला सांगितलं आणि कोर्टाचं वॉरंट न बजावताच परत आलं. १९६० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रकरण कोर्टापुढे असताना राज्यपालांना तसं करता येत नाही. लष्करी कुंपणाच्या दाराशी कोर्टाचा कागद अडला की काय होतं ते तेव्हाच दिसलं होतं.

निवृत्त_सुभेदार
ताई, कायदा मान्य. पण विश्वासाचं काय? मार्च २०२५ मध्ये पटियाळ्यात एका कर्नलला आणि त्यांच्या मुलाला पोलिसांनी मारहाण केल्याची तक्रार आली, आणि हायकोर्टाला तो तपास पंजाब पोलिसांकडून काढून आधी चंदीगड पोलिसांना आणि मग सीबीआयला द्यावा लागला. हे वाचल्यावर कुठला सीओ आपला जवान डोळे मिटून ठाण्यात पाठवेल? पोरगा कुठून कुठून येतो, भाषा येत नाही, वकील माहीत नाही. युनिट त्याचं घर असतं.

हवालदाराचा_मुलगा
काका, दुसरी बाजू पण बघा ना. जानेवारी २०१४ मध्ये नाशिकच्या उपनगर पोलीस ठाण्यात लष्करातल्या लोकांनी घुसून तोडफोड केली, पोलिसांना मारलं. माझे वडील पोलिसात होते, ते तेव्हा घरी दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. ठाण्यातला माणूस पत्र का मागतो हे मला त्यामुळे कळतं, तो आळशी असतो असं नाही, त्याला माहीत असतं की आत जाऊन काही बिनसलं तर वरचे साहेब त्याच्या मागे उभे राहणार नाहीत. अधिकार कायद्याने आहे पण तो वापरायची हिंमत कुणी द्यायची?

मुळाकाठ
हे पटलं. मी ठाण्यातल्या माणसावर जास्तच रागावलो होतो.

टेक्सासचा_मराठी
इकडचं, अमेरिकेचं सांगतो, कारण इकडे बेसवर, म्हणजे लष्करी तळावर, सिव्हिलियन पोलीस असतात, लष्कराच्या पगारावर, पण सैनिक नाहीत. १८७८ च्या पॉसी कॉमिटाटस कायद्याने सैनिकांना सिव्हिलियन लोकांवर पोलीसगिरी करायला मनाई केली, बेसच्या आतलं लष्कराचं स्वतःचं काम त्यातून सुटतं, पण बाकीच्यासाठी ही माणसं सोयीची पडतात. ५ नोव्हेंबर २००९ ला फोर्ट हूडला गोळीबारात १३ जण गेले तेव्हा हल्लेखोराला थांबवलं ते अशाच दोन सिव्हिलियन पोलिसांनी, त्यातली बाई स्वतः गोळ्या लागून जखमी झाली.
पण अधिकाराचा घोळ इकडेही आहेच. जमिनीवर फक्त केंद्राची सत्ता आहे, की राज्याची आणि केंद्राची दोन्ही, की केंद्र नुसतं मालक आहे, यावर सगळं ठरतं. एकाच बेसवर दोन प्रकारच्या जमिनी असू शकतात. गेटबाहेर गेलं की अधिकार जवळजवळ संपतो, तिथे लोकल पोलीस. ब्रिटनने मात्र १९८७ चा कायदा करून संरक्षण मंत्रालयाच्या पोलिसांना सरळ कॉन्स्टेबलचे अधिकार दिलेत. आपल्याकडे असं वेगळं दल का नको?

निवृत्त_सुभेदार
आपल्याकडे डीएससी, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कॉर्प्स, आहे की. १९४७ मध्ये डिफेन्स डिपार्टमेंट कॉन्स्टॅब्युलरी नावानेच उभी राहिली होती. आता त्यात माजी सैनिक असतात, आर्मी ॲक्टखाली. आणखी एक दल कशाला?

वकील_ताई
काका, डीएससीचं काम पहाऱ्याचं, तपासाचं नाही. पंचनामा, जबाब, आरोपपत्र हे तिला करता येत नाही. तरी नवीन दल मलाही नकोच. तपास करणारे लष्कराच्याच पगारावर असतील तर सिव्हिलियनने लष्कराविरुद्ध तक्रार घेऊन कुणाकडे जायचं? राज्याचा पोलीस बाहेरचा आहे हीच त्याची किंमत आहे.

टेक्सासचा_मराठी
हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. इकडे निदान खटला लष्कराबाहेरच्या फेडरल कोर्टात जातो, पण पहिला कागद लिहिणारा लष्कराचाच नोकर असतो हे खरंय.

कॅम्पातली
मला वाटतं स्टेशन हेडक्वार्टर, म्हणजे इथलं लष्करी मुख्यालय, आणि पोलीस उपायुक्त यांनी एक पानभर कागद करावा आणि तो ठाण्यात आणि गेटवर दोन्हीकडे लावावा. बाजार आणि रहिवासी भागात पोलिसांना विचारायची गरज नाही, ए-वन जमिनीवर, म्हणजे लष्कर स्वतः वापरतं त्या जागेवर, यायचं तर ड्युटी ऑफिसरला फोन आणि अर्ध्या तासात सोबत माणूस, फुटेज मागितलं की त्याच दिवशी वेगळं काढून ठेवायचं.

निवृत्त_सुभेदार
अर्धा तास कमी आहे, रात्री ड्युटी ऑफिसर दुसऱ्या टोकाला असू शकतो. एक तास ठेवा. फुटेजचं मात्र मान्य, ते त्याच दिवशी काढायला काहीच अडचण नाही.

मुळाकाठ
एक तास चालेल साहेब. आमच्या वेळी तेवढं झालं असतं तर गाडीचा नंबर तरी मिळाला असता. हा कागद मागायचा तर अर्ज कुणाच्या नावाने लिहायचा, स्टेशन कमांडर की पोलीस आयुक्त? ताई, मसुदा बघाल का, मी आज रात्री लिहायला बसतोय.